मदत हवी आहे: स्पेनमधला घटस्फोट आणि मुलीला सुट्टीत भारतात नेणं

माझी बहीण माद्रिदला असते, दोघं नवराबायको भारतीय, मुलगी 6 वर्षांची. घटस्फोट संमतीनेच घेतायत पण मुलगी लहान म्हणून नोटरीकडे होत नाही, कोर्टातच जावं लागतं आणि कोन्व्हेनियो रेगुलादोर म्हणजे करारनामा सरकारी वकीलही तपासतात. ताबा दोघांकडे, पोटगीचंही ठरलंय. अडलंय फक्त मुलीला सुट्टीत पुण्याला न्यायचं, भारत हेग करारात (परदेशात नेऊन ठेवलेली मुलं परत पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) नाही त्यामुळे तिथून परत आणली नाही तर काय म्हणून भावजी सही करेनात, आणि त्यांची भीती अगदीच चुकीची नाहीये. बहीण परतीचं तिकीट, तारखा, रोजचा व्हिडिओ कॉल सगळं लिहून द्यायला तयार आहे. भांडून न्यायाधीशांकडे हा मुद्दा न्यायचा नाहीये. स्पेनमध्ये कुणी असा मुद्दा करारात घातलाय का, नेमकं काय लिहिलं होतं आणि कोर्टाने मान्य केलं का?