मामा तलावात मोहाची पेंड टाकावी का?

तलावकाठ:
मत्स्यबीज सोडायच्या आधी माजी मालगुजारी (मामा) तलावात, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेल्या गावतलावात, मोहाची पेंड टाकून मरळ, शिंगी, मागूर हे देशी मासे साफ करायचे, याला माझा विरोध आहे. मात्रा बघा: हेक्टरी, मीटरभर पाण्याला २५०० किलो. पेंडीतलं सॅपोनिन माशाच्या तांबड्या पेशी फोडतं, म्हणून वरची हवा घेऊन जगणारी मरळही सुटत नाही. चिल्लर मासळीचं तर विचारूच नका. कटला, रोहू, मृगळ हे पाळायचे मासे साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज दरसाल विकत आणावं लागतं. जे फुकटात पिलावतात, तेच मारायचे?

बांधीवाला:
विरोध कराले काय जाते भाऊ? लीजचे पैसे संस्थेले भरा लागते, अन् ते चिल्लर मासळीत निघत नाही. मरळ ठेवली तर जिऱ्यातलं (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लातलं) काय उरते? पेंडीचा विषार पंधरा-वीस दिवसांत उतरतो, मग तेच खत होते.

तलावकाठ:
तलावात थेट जिरे सोडताच कशाला? शेजारच्या खड्ड्यात वाढवा. पंधरा-वीस दिवसांत इंचभर, पुढं दोन-तीन महिन्यांत बोटभर, म्हणजे ८ ते १० सेंमी. एवढी बोटुकली लहानसहान मरळीच्या तोंडात मावत नाही. पेंड त्या खड्ड्यातच टाका. दहा गुंठे, मीटरभर पाणी असेल तर अडीच क्विंटल पुरते.

बांधीवाला:
बोटुकली तयार होईस्तोवर दिवाळी येते. उन्हाळ्यात तलाव आटला की वाढाले महिने किती उरले ते मोजा.

ओलगाळ:
त्यासाठी गेल्या सालची बोटुकली दाटीनं, कमी खाद्यावर खुरटी ठेवतात आणि पावसाळ्यात तलाव भरला की सोडतात. मोकळं पाणी मिळालं की झपाट्यानं वाढते. पण पेंडीवर भांडताना गवत्या (ग्रास कार्प मासा) विसरलात. तो हायड्रिला ही पाण्याखालची वनस्पती फस्त करतो, आणि देशी माशांची पिल्लं त्याच वनस्पतीत लपतात. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) तळ उकरतो, पाणी गढूळ होतं, उजेड खाली पोचत नाही, मग उरलेली वनस्पतीही मरते. वर तो साचल्या पाण्यातच पिलावतो. हे दोन्ही बंद करा. काठावरचं बेशरम हे तणही नुसतं कापून उपयोग नाही. तुकड्यातून पुन्हा फुटतं, मुळासकट काढून काठावरून दूर न्या.

मोजमाप:
देशी मासे संपले की आहेत, हे दोघंही कशावरून म्हणता? एकाच आसाचं (भोकाच्या मापाचं) जाळं टाकलं तर एकाच मापाचे मासे दिसतात. १०, २०, ४० आणि ६० मिमी आसाची जाळी, तीच जागा, तेवढेच तास, वर्षातून तीन हंगाम. तेव्हा दोन तलावांची तुलना होते. मासा जिवंत असताना डाव्या बाजूचा फोटो, सोबत मोजपट्टी. मग परांचा तुकडा अल्कोहोलमध्ये, आणि त्यानंतरच मासा टिकवायला फॉर्मेलिनमध्ये (एक भाग फॉर्मेलिन, नऊ भाग पाणी). क्रम उलटला तर डीएनए खराब होतो. मोठ्या माशाच्या पोटाला चीर उजव्या बाजूनं द्या, डावी बाजू ओळखीसाठी शाबूत राहू द्या. हातमोजे घाला.

बांधीवाला:
गवत्या बंद, कबूल. पण खुरटी बोटुकली ठेवाले उन्हाळाभर पाणी पाहिजे. तसा बारमाही खड्डा कितीक मामा तलावांशेजारी आहे? खोदाईचा खर्च कोण देते ते आधी सांगा, मग पेंडीचं बोलू.