घरी ओतलेल्या सिमेंटच्या कुंड्यांना लोणा. सीलर केव्हा लावावा?

प्रश्न
गेल्या महिन्यात गच्चीसाठी एक भाग सिमेंट आणि तीन भाग क्रश सँड या प्रमाणात सहा कुंड्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी साचे काढले, तीन दिवस पाणी मारले आणि लगेच बाहेरून अ‍ॅक्रिलिक सीलरचे दोन हात देऊन माती भरली. आता सीलरला फोड येऊन पापुद्रे निघत आहेत, बुडाशी पांढरा लोणा फुटला आहे आणि मोगऱ्याची कोवळी पाने, शिरा तेवढ्या हिरव्या राहून, पिवळी पडत आहेत. काय चुकले?

प्रतिसाद १
सीलर वाईट नसावा, घाई झाली. सिमेंट घट्ट होताना त्यात मोकळा चुना तयार होतो, कुंडीत घातलेले पाणी भिंतीतून झिरपताना तो बाहेर आणते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचाच पांढरा थर बसतो. आपण अडवले बाहेरून, पाणी येते आतून. मग फोड येणारच. पीपीसी (राख मिसळलेले पोझोलाना) सिमेंट असेल तर दहा ते चौदा दिवस पाणी मारावे. त्यानंतर कुंड्या पिंपात बुडवून, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत, आणखी दोन आठवडे ठेवाव्यात, कारण ताज्या सिमेंटमधील पाण्याचा सामू १२ च्याही वर असतो. एवढ्या क्षारतेत मुळांना लोह घेता येत नाही. मोगऱ्याचे दुखणे बहुधा तेच आहे.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, परंतु बाहेरून चकचकीत थर देण्याची मुळात गरजच नाही. कुंडी पूर्ण वाळल्यावर आतून जलरोधक लेप द्यावा (तळाचे छिद्र बुजू देऊ नये, हे सांगावे लागते!) आणि बाहेरून हवेच असेल तर सिलेन-सिलोक्झेन प्रकारचे द्रावण लावावे, ते आत मुरते, पापुद्रा धरत नाही आणि वाफ अडवत नाही. वाळल्याची खात्री करण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवावा; आतल्या बाजूस ओल दिसली तर कुंडी अजून वाळलेली नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मोगरा मातीच्या कुंडीत हलवला आणि तारेच्या ब्रशने सीलर खरवडला. काल रात्री प्लास्टिक चिकटवले होते. आज सकाळी त्याच्या आतल्या बाजूस दवासारखे थेंब होते, तेव्हा सहाही कुंड्या आधी पिंपात जातील.