पांडाज: मर्ज करताना फक्त ‘ऱ्ह’वाली गावं सुटतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पायथनमध्ये पांडाज (तक्ते हाताळायची लायब्ररी) वापरतोय, दोन सीएसव्ही (साध्या मजकुरातले तक्ते) आहेत. एकीत पुणे जिल्ह्यातल्या विहिरींची पाणीपातळी गावाच्या नावानिशी, दुसरीत गावाचं नाव आणि २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी गाव कोड. पहिल्या टेबलला कोड चिकटवायचाय म्हणून नावावर लेफ्ट मर्ज (पहिल्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवून जोडणी) मारला, बाकी सगळं झकास जुळलं पण गोऱ्हे, चऱ्होली, बऱ्हाणपूर असल्या नावांसमोर कोडच्या जागी नॅन (म्हणजे किंमत नाही) येतोय, आणि त्या नॅनपायी अख्खा कॉलम फ्लोट (दशांश संख्या) होऊन प्रत्येक कोडामागे पॉइंट शून्य लागतं ते वेगळंच. स्ट्रिप करून झालं, एन्कोडिंग दोन्हीकडे यूटीएफ-८, स्क्रीनवर नावं डिट्टो सेम, तरी तुलना केली की फॉल्स! हाताने भरले असते पण दर महिन्याला नवी फाइल येते, कोण बसणार भरत.

उत्तर १:
दोन्ही फाइलींतल्या ‘गोऱ्हे’वर लेन (युनिकोड चिन्हं मोजणारं फंक्शन) चालवून बघा, एकीकडे ६ येईल नि दुसरीकडे ७. हा अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ऱ आणि हलन्त (पाय मोडायची खूण), किंवा साधा र, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे). ज्याचा जसा कीबोर्ड तशी फाइल. नुक्तावाला प्रकार स्ट्र डॉट नॉर्मलाइझला एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणारा युनिकोडचा प्रकार) दिलं की सरळ होतो, जोडकवाला मात्र होत नाही, तो रिप्लेसने बदलावा लागतो. आणि नुसता जोडक उडवू नका हं, तसं केलं तर रफार होऊन ‘गोर्हे’ तयार होतं, म्हणजे परत बोंब. र, हलन्त, जोडक हे तिन्ही मिळून ‘ऱ्’ने बदला. दोन्ही टेबलांवर करा, मर्जच्या आधी.

उत्तर २:
वरचं बरोबर. कोड वाचतानाच डीटाइप (कॉलमचा प्रकार) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, द्या, कोडाची कोण बेरीज करतंय. आणि नुसत्या गावाच्या नावावर मर्ज कशाला? एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत असतात, मग ओळी गुपचूप वाढतात. तालुका आणि गाव दोन्ही की (जुळवायचे कॉलम) म्हणून द्या, व्हॅलिडेटमध्ये मेनी टू वन लिहा, डुप्लिकेट असेल तर तिथेच एरर देईल. इंडिकेटर ट्रू ठेवलं की कुठली ओळ जुळली नाही तेही कळतं.

धागाकर्ता:
६ आणि ७ च निघाले राव! रिप्लेस मारला, गोऱ्हे-चऱ्होली जुळली. इंडिकेटर लावल्यावर आता लेफ्ट ओन्लीमध्ये (फक्त पहिल्या टेबलात सापडलेल्या ओळींत) उरलेत ते सगळे ‘बु.’ आणि ‘खु.’वाले, दुसऱ्या फाइलीत बुद्रुक, खुर्द पूर्ण लिहिलंय. त्याला साधा रिप्लेस चालेल की रेजेक्स (नमुना देऊन शोधणं) लागेल? कुठे टिंब आहे, कुठे नाही, कुठे नुसतं कंसात ‘बु’.

उत्तर १:
रेजेक्सच. नावाच्या शेवटी असेल तरच बदला, म्हणजे नमुन्याच्या शेवटचं डॉलर चिन्ह (‘इथे नाव संपतं’ ही खूण) विसरू नका, आणि बु-खुच्या आधी स्पेस किंवा कंस हवाच अशी अट घाला.