काकांचा आजार रक्तातला की तापातला?

लष्करकर (प्रश्न)

आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. माझ्या धाकट्या बंधूंना १९८७ साली, अठराव्या वर्षी, विषमज्वर झाला होता. तीन आठवडे ताप होता आणि त्यातले काही दिवस ते वातात बरळत असत. ताप उतरला, ते पूर्ववत झाले, परंतु त्यानंतर काही महिन्यांनी त्यांना भिंतीपलीकडून शेजारी आपल्याविषयी बोलत आहेत असे ऐकू येऊ लागले. निदान स्किझोफ्रेनियाचे झाले. आता त्यांनी पंचावन्नी ओलांडली आहे, गोळ्या नियमित घेतात, घरची पूजा आणि भाजी आणणे त्यांच्याकडेच आहे.

आमच्या मातोश्री आजही सांगतात की तापाने डोक्यात घर केले. आत्याबाईंचे म्हणणे वेगळे आहे. आजोबांचे एक चुलतभाऊ कित्येक वर्षे मानसिक आरोग्यशाळेत होते, म्हणून हे रक्तातच आहे असे त्या ठामपणे म्हणतात. सध्या माझ्या मुलीसाठी स्थळे पाहत आहोत आणि मध्यस्थांनी काकांची चौकशी केली आहे. कारण ताप की रक्त, मुलीला धोका किती, आणि एखादी तपासणी करून खात्री होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त अध्यापक, विकृतिशास्त्र

मातोश्री आणि आत्याबाई या दोघींच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे, पण दोघीही एकेकच कारण धरून बसल्या आहेत.

प्रथम आकडे पाहू. सर्वसाधारण लोकांमध्ये आयुष्यभरात हा आजार होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे एक आहे. सख्ख्या भावंडाला आजार असल्यास ते सुमारे नऊ होते, आणि काका किंवा मामांना असल्यास पुतण्या-भाच्यांत तीन-चारच्या आसपास राहते. म्हणजे आपल्या मुलीला हा आजार न होण्याची शक्यता शंभरात शहाण्णवच्या घरात आहे. एकाच बीजांडातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तरी दुसऱ्याला तो जेमतेम निम्म्या वेळा होतो, आणि त्यांची जनुके तर जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. सगळे रक्तातच असते, तर असे झाले नसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी निगडित अशा २८७ जागा जनुकसंचात आढळल्या. त्यांतील प्रत्येक जागेचा वाटा मुठीतल्या एखाद्या दाण्याएवढाच असतो, आणि असे दाणे आपणा सर्वांच्याच मुठीत आहेत.

या जागांपैकी सर्वांत ठळक जागा सहाव्या गुणसूत्रावर आहे, आणि तो प्रदेश प्रामुख्याने प्रतिकारयंत्रणेच्या जनुकांचा आहे. तेथील सी-४ नावाच्या जनुकाविषयी २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी जे दाखवले, ते मला या सर्व विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. सी-४ पासून तयार होणारे प्रथिन रक्तात जंतूंवर खूण करते, जेणेकरून भक्षक पेशींनी ते गिळावेत. मेंदूत हीच यंत्रणा मज्जापेशींमधील अनावश्यक जोडांवर खूण करते आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ते जोड काढून टाकतात. माळ्याने वेलीची छाटणी करावी तसे हे काम वाढत्या वयात प्रत्येकात चालते. ज्यांच्यात सी-४ चा विशिष्ट प्रकार अधिक प्रमाणात तयार होतो, त्यांच्यात ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी असा अंदाज आहे, आणि आजार नेमका सोळा ते पंचवीस या वयात का डोके वर काढतो याचाही काही उलगडा त्यातून होतो. जंतूंशी लढणारी आणि मेंदू घडवणारी यंत्रणा अशी एकच निघाल्यावर ‘रक्त की ताप’ हा प्रश्नच तितकासा सरळ राहत नाही.

आता तापाविषयी. वातात बरळणे ही तीव्र तापात मेंदूची तात्पुरती बिघडलेली अवस्था असते, तिच्यावरून स्किझोफ्रेनियाचे निदान होत नाही. तथापि डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित २०११ सालच्या अभ्यासात, संसर्गामुळे रुग्णालयात राहावे लागलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळले. हा आकडा भयंकर वाटतो, पण त्याचा अर्थ शंभरातील एकाचे सुमारे दीड झाले एवढाच आहे, आणि तापामुळेच झाले असे त्यावरून सिद्ध होत नाही. तेव्हा १९८७ च्या तापाचा काही वाटा असू शकतो, परंतु तो एकटा गुन्हेगार ठरवता येणार नाही.

तपासणीविषयी थोडक्यात सांगायचे तर विवाहापूर्वी करून खात्री देणारी कोणतीही जनुकचाचणी आज उपलब्ध नाही. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळालेला असल्यास धोका बराच, जवळजवळ चारात एक, असतो. पण अशा व्यक्तींना बहुधा जन्मतः हृदयदोष, टाळूचा दोष अशा अन्य तक्रारी असतात. आपण तसे काही लिहिलेले नाही.

एक आई, मुरार

माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे, पण येथे सांगणे योग्य वाटते. माझी मुलगी एकवीस वर्षांची असताना दहा दिवसांत पूर्ण बदलली. झोप गेली, आम्हीच तिला विष देतो आहोत असा संशय येऊ लागला, मग बोलणे थांबले, ओठांची विचित्र हालचाल सुरू झाली आणि फिट आली. नातलगांनी बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे केले, आणि मीही त्यांना अडवले नाही, हे कबूल करते. पहिल्या रुग्णालयात केवळ मानसिक आजाराचे औषध मिळाले आणि अंग अधिकच आखडले. दुसऱ्या शहरात पाठीच्या मणक्यातील पाणी तपासल्यावर कळले की तिच्याच प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रतिपिंडे मेंदूतील एनएमडीए नावाच्या ग्राहकांवर, म्हणजे मज्जापेशींवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनांवर, हल्ला करत होती. अंडाशयात एक गाठ होती, ती काढली, स्टिरॉइड व इम्युनोग्लोब्युलिन दिले. सावरायला आठ महिने लागले. तेथील डॉक्टरांनी सांगितले की हा आजार अमेरिकेत डॉक्टर डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ओळखला, त्याआधीच्या अशा मुलींचे काय झाले असेल याचा विचार मी अजूनही करते.

दालबाजारवाले

मी औषधविक्रेता आहे. वरील वाचून उद्या चार जण माझ्याकडे स्टिरॉइड मागायला येतील, ही भीती वाटते. प्रत्येक मनोरुग्णाची अशी तपासणी करावी, असे आपले म्हणणे आहे काय?

निवृत्त अध्यापक, विकृतिशास्त्र

मुळीच नाही. स्टिरॉइडने स्वतःच उन्माद किंवा भ्रम होऊ शकतो, ही गोष्ट आपण ग्राहकांना अवश्य सांगावी. संशय घ्यायचा तो लक्षणांच्या चालीवरून: काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने बिघाड, फिट, ताप, शुद्ध कमी-जास्त होणे, अंग आखडणे, किंवा मानसिक औषधाने उलट प्रकृती खालावणे. मुरारच्या भगिनींच्या मुलीत यांपैकी बहुतेक होते. लष्करकरांच्या बंधूंना आवाज ऐकू येऊ लागले तेव्हा, त्यांच्या लिहिण्यावरून तरी, यांतले काहीच नव्हते, आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी आता ते शोधण्यात अर्थ नाही.

संसर्गाने मन बिघडते हे वैद्यकाला नवीन नाही. एके काळी युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत मोठा भरणा उपदंशाने मेंदू पोखरलेल्या रुग्णांचा असे, आणि त्यांच्या मेंदूत तो जंतू १९१३ साली नोगुची व मूर यांनी दाखवला. गंमत म्हणजे त्या रुग्णांना मुद्दाम हिवताप देऊन बरे करण्याबद्दल वॅग्नर-यौरेग यांना १९२७ चे नोबेल मिळाले. मातोश्रींना हे कदाचित सांगू नये. आपल्याकडे आजही पट्टकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत गाठी होऊन फिट येतात, आणि शाकाहारी घरांनाही त्यातून सूट नाही, कारण ती अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीवरूनही पोटात जातात.

लष्करकरांना एकच विचारतो: ताप उतरल्यानंतर आणि आवाज ऐकू येण्यापूर्वी बंधू खरोखरच पूर्ववत होते का?

लष्करकर

मातोश्रींना विचारले. मधल्या काळात त्यांनी प्रथम वर्षाची परीक्षा दिली आणि उत्तीर्णही झाले, असे त्यांना आठवले. ते सांगताना त्या प्रथमच तापाविषयी काही बोलल्या नाहीत. मध्यस्थांना उद्या फोन करून सर्व सांगणार आहे. त्याआधी बंधूंची परवानगी घेतली, तेव्हा ते म्हणाले, ‘सांग. पण लग्नात पंगतीला वाढायला मी असणार, हेही सांग.’