क्रोममध्ये इन्कॉग्निटो उघडतच नाहीये, रीइन्स्टॉल करून पण तेच!

सांगलीचा_मामा:
मंडळी मदत करा. घरचा लॅपटॉप आहे, विंडोज १०. क्रोममध्ये इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारी खासगी विंडो, उघडायला कंट्रोल शिफ्ट एन दाबलं तर काहीच होत नाही, ढिम्म. तीन टिंबांच्या मेनूतून पण जमत नाही. बहिणीची पोरं जुळी आहेत, दोघांचे अकरावीचे फॉर्म भरायचेत आणि दोन लॉगिन एकदम उघडे हवेत, म्हणजे एक साध्या विंडोत आणि एक इन्कॉग्निटोत असा माझा हिशोब होता. क्रोम काढून परत टाकलं, दोनदा रीस्टार्ट केलं, फरक शून्य. गंमत म्हणजे फायरफॉक्समध्ये प्रायव्हेट विंडो व्यवस्थित उघडते. व्हायरस असेल का?

चहा_बिस्किट:
भाच्यांचे फॉर्म म्हणे 😄 बरं बरं, विश्वास ठेवला.

खटपट्या:
व्हायरस वगैरे नसावा. फायरफॉक्स चालतंय म्हणजे कुणीतरी फक्त क्रोमला कुलूप लावलंय. तीन टिंबांच्या मेनूत सगळ्यात खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं काही दिसतं का बघा. आणि ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं इंग्रजीत टाकून एंटर मारा, काय यादी येते ते सांगा. लॅपटॉप ऑफिसचा नाही ना? ऑफिसचा असेल तर हात लावू नका, आयटीवाल्यांनी मुद्दाम बंद केलेलं असतं आणि तुम्ही काढलं तरी ते परत येतं.

सांगलीचा_मामा:
हो की! ‘मॅनेज्ड’ दिसतंय खरं. पण घरात कसली आलीये ऑर्गनायझेशन, मी आणि बायको. यादीत एकच ओळ आहे, इन्कॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी, पुढे १.

आता आठवलं, दोन वर्षांमागं पोरगा आठवीत असताना पॅरेंटल कंट्रोलचं एक सॉफ्टवेअर ट्रायलवर टाकलं होतं. ते कधीच काढून टाकलं पण.

खटपट्या:
सापडला चोर. सॉफ्टवेअर गेलं पण जाताना रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्ज साठवायची जागा) नोंद तशीच ठेवून गेलं. तिथं ० म्हणजे इन्कॉग्निटो चालू, १ म्हणजे बंद, २ म्हणजे क्रोम फक्त इन्कॉग्निटोतच उघडणार. क्रोम रीइन्स्टॉल करून उपयोग नाही कारण ही नोंद क्रोमच्या फोल्डरात नसतेच, विंडोजच्या रजिस्ट्रीत असते, क्रोम फक्त ती वाचून गप्प बसतं.

स्टार्टमध्ये रेजएडिट (रजिस्ट्री बघायचं-बदलायचं विंडोजचं साधन) शोधा, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. मग एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं एकेक उघडत जा. तिथं नसेल तर एचकी करंट युजरमध्ये हाच रस्ता. हात लावायच्या आधी त्या क्रोम फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करून ठेवा, चुकलं तर डबल क्लिकवर परत येतं. मग फक्त ती एक नोंद डिलीट करायची, आजूबाजूचं काही नाही. क्रोम पूर्ण बंद करून उघडा.

रात्रपाळी:
खटपट्या बरोबर सांगतायत, पण मामा तुमच्या कामाला मुळात इन्कॉग्निटो लागतच नाही. दोन प्रोफाइल बनवा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून नवीन प्रोफाइल, प्रत्येक भाच्याला एक. प्रत्येकाच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदी) वेगळ्या, त्यामुळे लॉगिन एकमेकांत मिसळत नाही आणि चुकून विंडो बंद झाली तरी बुकमार्क वगैरे राहतं, इन्कॉग्निटोत विंडो बंद केली की लॉगिन गेलंच म्हणून समजा. बऱ्याच जणांना वाटतं दोन इन्कॉग्निटो विंडो उघडल्या की दोन लॉगिन चालतील, तसं होत नाही, सगळ्या इन्कॉग्निटो विंडो मिळून कुकीज एकच. मी स्वतः यात एकदा एका पोराची माहिती दुसऱ्याच्या फॉर्मात भरून बसलोय.

अजून एक, इन्कॉग्निटोत थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नसून दुसऱ्या डोमेनच्या कुकीज, आपोआप बंद असतात. काही साइटवर पैसे भरायची चौकट पानाच्या आतच दुसऱ्या डोमेनवरून येते, ती मग अडकते. ॲड्रेस बारमध्ये डोळ्याचं चिन्ह आलं तर तिथून त्या साइटपुरतं चालू करा.

कोकणकन्या_एस४:
माझं पण विचारून घेते, इन्कॉग्निटोत मराठी टायपिंगचं एक्स्टेंशन दिसत नाही. का?

रात्रपाळी:
ताई, एक्स्टेंशन्सना तिथं परवानगी नसतेच, आपण द्यायची. एक्स्टेंशनच्या डिटेल्समध्ये ‘अलाव इन इन्कॉग्निटो’ चालू करा.

सांगलीचा_मामा:
झालं!! नोंद लोकल मशीनमध्येच होती, उडवली, ‘मॅनेज्ड’ पण गेलं. फॉर्म मात्र प्रोफाइल करूनच भरले, रात्रपाळी तुमचं ऐकलं ते बरं झालं. दोघांचे भाग एक भरून झाले, भाग दोनला कॉलेजच्या पसंतीवरून घरात भांडण चालू आहे, त्याला रेजएडिट चालत नाही.

चहा_बिस्किट:
मामा, खरंच फॉर्म होते होय. सॉरी 🙏