बागेत बसायला काय घेऊ? विकर, सागवान का सिमेंटचे बाक (जळगावचं ऊन धरून सांगा)

पिंप्राळ्याचा_पोऱ्या:
नमस्कार मंडळी, जळगावला घर बांधून झालं एकदाचं. पुढे साधारण २० बाय १५ फूट जागा उरलीय, कोपऱ्यात जुना निंब आहे तो बांधकामात मुद्दाम वाचवला, लॉन नाही लावलं कारण उन्हाळ्यात त्याला पाणी कुठून आणायचं, मोगरा तगर जास्वंद कढीपत्ता एवढंच. आता संध्याकाळी बसायला चार खुर्च्या आणि एक टेबल घ्यायचंय. बायकोने ऑनलाईन काळ्या विकरचा (म्हणजे फ्रेमवर प्लास्टिकची पट्टी विणलेला) सेट बघून ठेवलाय काचेच्या टेबलवाला, वडील म्हणतात सिमेंटचे दोन बाक टाक जन्माची कटकट गेली, आणि आईला झोपाळा पाहिजे. आईचे गुडघे दुखतात हे पण धरा. बजेट २५ हजार, थोडं पुढेमागे चालेल. घराचं तोंड पश्चिमेला. काय टिकेल आपल्याकडे?

केळीबाग_रावेर:
भाऊ तुम्ही काय घेऊ ते विचारताय पण आधी कुठे बसणार ते ठरवा. तोंड पश्चिमेला म्हणजे पुढच्या बागेत दुपारी दोनपासून मावळेपर्यंत सरळ ऊन, मे महिन्यात ४५ डिग्रीत तिथे सहा वाजता पण कोणी बसणार नाही, खुर्ची सागवानी असो नाहीतर सोन्याची. तीच जागा सकाळी मात्र घराच्या सावलीत असते, चहाला एक नंबर. संध्याकाळची सावली घराच्या मागे पूर्वेला पडते. निंब कोणत्या कोपऱ्यात आहे ते सांगा, सगळं त्याच्यावर आहे.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या:
वायव्येला, कंपाउंडच्या भिंतीला लागून. मागे सात फुटाची पट्टी आहे पण तिथे धुणंभांडी आणि टाकी.

केळीबाग_रावेर:
मग नशीबवान आहात. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला सरकून मावळतो, म्हणजे वायव्येच्या झाडाची सावली संध्याकाळी बरोबर तुमच्या बागेत येणार, आणि थंडीत तो नैऋत्येकडे जातो तेव्हा हीच सावली बागेतून बाजूला होते आणि कोवळं ऊन आत येतं. फक्त ही सावली दर तासाला सरकते, म्हणून जे घ्याल ते एका माणसाला उचलून सरकवता आलं पाहिजे. सिमेंटचा बाक इथेच बाद. दिवसभर तापतो आणि रात्री नऊ वाजता पण खालून शेकतो, त्यात आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, बाकाचा एक पाय खचला की तो कायमचा तिरपा. काकांना टाकायचाच असेल तर माती काढून मुरूम भरून धुम्मस करून म्हणजे ठोकून घट्ट करून मग टाका, आणि टाकायचा तो निंबाच्या बुडाशी.

फॅब्रिकेटर_धुळे:
माझा धंदाच हा आहे म्हणून चार शब्द. विकर विकर म्हणतात पण आत काय आहे ते कोणी बघत नाही. खिशात लोहचुंबक घेऊन जा आणि पट्टीच्या मधून पायाला लावा, चिकटलं तर आत लोखंड, नाही चिकटलं आणि उचलायला हलकं लागलं तर ॲल्युमिनियम. लोखंड वाईट नाही पण पट्टीच्या आत पाणी धरतं आणि गंज बाहेर दिसतो तेव्हा पाय आतून गेलेला असतो. पट्टी नखाने वाकवून बघा, स्वस्तातली कडक पट्टी आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यात तडकते, ती तुटून सुटी झाली की लहान पोरांना ओरखडे. आणि काळा रंग घेऊ नका हो वहिनींना सांगा, काळ्या खुर्चीवर मे महिन्यात दुपारी हात टेकवून दाखवा म्हणा.
लोखंडी बनवून घ्यायचं असेल तर गेज विचारा, १८ पेक्षा १६ जाड असतो, आकडा कमी तेवढी जाडी जास्त, इथेच लोक फसतात. पायाच्या पाइपाला खालून बूच पाहिजे आणि बुचाच्या जरा वर बारीक भोक, आत गेलेलं पाणी निघून जाईल. रंगाआधी वेल्डिंगचा प्रत्येक सांधा ग्राइंडर मारून साफ करून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला हात) लावलंय का ते स्वतः उभं राहून बघा, रंग मारल्यावर सगळंच छान दिसतं. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप आहे म्हणून कोणी सांगेल गंजणार नाही, पण वेल्डिंग केलं तिथला जस्ताचा थर जळून जातो, तिथे झिंक पेंट लागतोच. स्टीलवाल्याकडे ३०४ ग्रेडचं स्टील मागा, २०२ ला डाग लवकर येतात, आणि इथे लोहचुंबक कामाचं नाही, दोघांना नीट चिकटत नाही, बिलावर लिहून घ्या.

सातपुडा_पायथा:
नंदुरबारकडून. लाकडाचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. साग घ्यायचा तर आतलं गर्द लाकूड घ्या, कडेचा फिकट पांढरट भाग उधई (वाळवी) सोडत नाही, सुतार लोक कधीकधी रंगात दडवून देतात. सागाला वाहतुकीचा पास लागतो म्हणून नवं लाकूड पक्क्या पावतीशिवाय घेऊ नका. माझं मत विचाराल तर जुनं लाकूड विकणाऱ्याकडे जा, पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी नि तुळया मिळतात, ते इतकं मुरलेलं असतं की आता वाकणार नाही की तडकणार नाही. बाभूळ स्वस्त आणि दणकट, पण ओली वापरली की चिरते.
बाहेर ठेवलेला साग राखाडी होतो, त्याने मजबुतीला काही होत नाही, रंग जपायचा असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर जवसाचं तेल द्या. एक गोष्ट मात्र नीट वाचा, तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा असेल तर उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकतो, आपल्याकडच्या उन्हात तर जास्तच सांभाळा. फडकी मोकळी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात भिजवून टाका. आणि पायाखाली फरशीचा तुकडा, लाकूड थेट मातीवर नको.

वैशू_भुसावळ:
सगळ्या दादांनी मस्त सांगितलं पण काकूंचे गुडघे राहिले ना. ते विकरचे सोफे बुटके आणि खोल असतात, बसायला छान आणि उठताना दोन माणसं लागतात. बैठक जमिनीपासून १८ इंच, आणि हात टेकायला दांडा पाहिजेच, दुकानात टेप घेऊन जा लाजू नका. काकूंना घेऊन गेलात तर अजून बरं, दहा मिनिटं बसवा आणि उठायला लावा. झोपाळ्याचं पण तेच, उठताना तो मागे सरकतो, पाय पूर्ण टेकतील इतक्याच उंचीवर टांगा.
आणि मला सांगा बाज कोणालाच कशी आठवली नाही? लोखंडी फ्रेम, नायलॉनची पट्टी विणून घ्यायची, खालून हवा लागते, दोन माणसं उचलून सावलीत नेतात, रात्री अंगणात झोपता येतं आणि मे महिन्यात कुरडया पापड वाळवायला सासूबाई तीच मागतात. पट्टी सैल झाली की ओढून घ्यायची, नवीन घ्यावी लागत नाही. थंडीत भरीत पार्टी ठेवली की पंधरा माणसं येणार, त्यांना काय चार खुर्च्या पुरणार आहेत, सरळ जळगावची प्लास्टिकची चटई अंथरायची.

भो_मन्हा:
आठे ऊन इतलं पडस की खुर्चीच सावलीमा पयी जाई 😂 ती वैशूताईनी बाजनी गोष्ट मात्र खरी शे.

फॅब्रिकेटर_धुळे:
झोपाळ्याचं राहिलं होतं. पोर्चच्या स्लॅबला टांगणार असाल तर स्लॅब टाकताना लोखंडात कडी अडकवून सोडली होती का? नसेल तर नुसतं ड्रिल मारून फास्टनर ठोकू नका, दोन कॉलमच्या मधे आडवा पाइप टाकून त्याला टांगा. तो एका दांड्यावर लटकणारा अंड्यासारखा झोपाळा घराला घेऊ नका, पोरं चढली की कलंडतो.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या:
कडी सोडलीय, बाबांनीच तेव्हा मिस्त्रीच्या मागे लागून सोडायला लावली. तर ठरलं असं, झोपाळा पोर्चमध्ये, हात असलेल्या दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल ॲल्युमिनियमचं, फिकट रंग, एक बाज. काचेचं टेबल कॅन्सल, बायको अजून रुसलेली आहे. बाबांचा एक बाक निंबाखाली. फक्त जूनमधल्या वादळाचं काय? हलक्या खुर्च्या शेजाऱ्याच्या गच्चीवर जातील.

केळीबाग_रावेर:
जातीलच, आमच्याकडे त्या वाऱ्यात उभ्या केळीच्या बागा झोपतात. खुर्च्या एकात एक बसणाऱ्या घ्या आणि बाकाच्या पायाला साखळीने बांधा, तेवढ्यासाठी तरी काकांचा बाक कामाला येईल. निंबाच्या वाळक्या फांद्या मात्र मे संपायच्या आत छाटून घ्या.