मॅकेन्झीचं काम एकदा बघा

कुणीतरी म्हटलंय की गोल्फ कोर्सचा आर्किटेक्ट म्हणजे दिसेल तिथे तळी आणि वाळूचे खड्डे खणून खेळ अवघड करणारा माणूस. मला हे अजिबात पटत नाही. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीचं काम बघा. शिक्षणाने डॉक्टर, बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेलेला. उघड्या माळावर बोअर सैनिक जमिनीच्या चढउतारात कसे बेमालूम लपतात, हे त्याने तिथे पाहिलं. पुढे गोल्फ कोर्सवर बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आखताना तेच डोक्यात ठेवलं : हाताने केलेलं काम मूळच्या जमिनीचंच वाटायला हवं. आणि खड्ड्यांचंच म्हणाल, तर प्रसिद्ध गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर त्याने अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल हा कोर्स आखला तेव्हा अठरा होल्सना (खेळाच्या अठरा टप्प्यांना) मिळून बंकर होते फक्त 22!

कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंट या कोर्सचं (1928) सोळावं होल तर माझं फार लाडकं. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, कड्यावर; ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, पलीकडच्या भूशिरावर आणि मध्ये खळाळता पॅसिफिक. थेट मारायचं तर चेंडू दोनशे यार्डांच्या वर पाण्यावरून न्यायचा. पण डावीकडे जमीन ठेवलीय. हातात तेवढा जोर नसेल त्याने तिकडे मारावं, एक फटका जास्त घ्यावा. नवख्याचीही सोय बघणाऱ्या माणसाला खेळ अवघड करणारा कसं म्हणायचं?

जानेवारी 1934 मध्ये तो गेला. पुढे मास्टर्स म्हणून गाजलेली स्पर्धा ऑगस्टावर पहिल्यांदा भरली ती त्याच मार्चमध्ये. ती त्याला बघता आली नाही, याची फार हळहळ वाटते.